लूव्हेन, सकाळी जाऊन संध्याकाळी परत

नवऱ्याला मी आयुष्यभर 'अहो' म्हणत आले, त्यामुळे इथेही त्यांचा उल्लेख मानानेच होईल. प्रत्यक्षात मी त्यांना फार मान दिला, असं माझी मुलगी काही म्हणणार नाही. ते लेस्टरच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये होते. रिटायर झाल्यावर त्यांना एक नाद लागला. युरोपातल्या जुन्या शहरांना एका दिवसात जाऊन यायचे प्लॅन करायचे, आणि तेही फक्त तिथल्या लायब्रऱ्यांसाठी.

राजवाडे, चर्च, बाजार यांना त्यांच्या कागदावर जागा नव्हती. एक शहर, एक लायब्ररी, एक बाऊल सूप आणि संध्याकाळची गाडी. सोमवारी जायचं नाही, कारण बरंच काही बंद असतं. लायब्ररीत दुपारी एकला शिरायचं, कारण तेव्हा टुरिस्ट जेवायला गेलेले असतात. शिवाय नुसतं दारातून डोकावून फोटो काढणाऱ्यांवर त्यांचा राग होता. लायब्ररी बघायची नसते, तिच्यात बसायचं असतं, असं ते म्हणायचे, आणि प्रत्येक प्लॅनमध्ये बसण्याचे दोन तास राखून ठेवायचे. आमच्या मराठी मंडळातले लोक त्यांच्याकडून असे प्लॅन करून घेत, शनिवारी जाऊन येत आणि आम्हाला चॉकलेटचा डबा आणून देत. आम्ही न पाहिलेल्या किती शहरांची चॉकलेटं मी खाल्ली, त्याला गणती नाही.

आम्ही न जाण्याचं कारण मी होते. त्यांनी नोकरीत असतानाच ब्रिटिश पासपोर्ट घेतला होता. मी भारतीय सोडला नाही. त्यामागे फार मोठा विचार होता असंही नाही. एकदा नाही म्हटलं होतं, मग नाहीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. त्यामुळे ते तिकीट काढून सरळ जाऊ शकत होते आणि मला त्याच एका दिवसासाठी व्हिसा लागत होता.

एकदा आम्ही प्रयत्नही केला. लंडनच्या व्हिसा सेंटरात काउंटरवरच्या मुलीने माझी फाइल चाळली आणि हॉटेलचं बुकिंग मागितलं. बुकिंग नाही, संध्याकाळी परत येणार, असं मी सांगितलं. लायब्ररीसाठी? एका दिवसात? तिने शेजारच्या काउंटरवर मान वळवून काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. कदाचित त्या वेगळ्याच गोष्टीला हसल्या असतील. मी फाइल उचलली आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, "पुस्तकांपाशी बसायला मी कुणाची परवानगी मागणार नाही. तुम्हाला जायचं तर जा."

"तुझ्याशिवाय मी तिथे काय करू?" ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी विषय दोनदा काढला आणि दोन्ही वेळा मी तोंड सोडलं. मग ते गप्प बसले. प्लॅन मात्र चालूच राहिले. प्रत्येक पानावर वर लिहिलेलं असायचं: माणसं दोन.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. लोक भेटायला आले, त्यांच्या पुस्तकवेडाबद्दल चांगलं बोलले, आणि मला प्रत्येक वाक्यात एकच ऐकू येत होतं, की या माणसाला एवढं एकच हवं होतं आणि ते माझ्या नाकावरच्या रागामुळे राहिलं. हे मी कुणाला बोलले नाही. रोज चहा एक कप करताना आठवायचं, बाजारात जाताना आठवायचं. मन खायचं, दुसरा शब्द नाही.

या वर्षी मार्चमध्ये मी त्यांच्या प्लॅनच्या फाइलमधलं सगळ्यात वरचं पान काढलं. ते लूव्हेनचं होतं. बेल्जियममधलं जुनं विद्यापीठाचं गाव, दोन महायुद्धांत दोनदा जळालेली आणि दोनदा पुन्हा उभी राहिलेली लायब्ररी. त्यांच्यासाठी आता काही करता येणार नव्हतं. पण निदान मी त्यांना कशाला मुकवलं, ते तरी जाऊन बघावं असं वाटलं. एजवेअरला राहणाऱ्या मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, एकटी कशाला जाते तू? वेट कर ना, हाफ-टर्मच्या सुट्टीत आपण सगळे जाऊ." तिच्या दोन मुलांना घेऊन वाचनकक्षात बसणं मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि नको म्हटलं.

व्हिसाच्या अर्जाला मी त्यांच्याच पानाची झेरॉक्स जोडली. या वेळी काउंटरवरच्या माणसाने वर पाहिलंसुद्धा नाही. पंधरा दिवसांत व्हिसा घरी आला. ज्याचा मी इतकी वर्षं बाऊ केला, ते काम एवढंच होतं. पासपोर्ट हातात घेऊन मी जिन्याच्या पायरीवर बसून रडले.

पहाटे पाचची गाडी पकडून लंडन, तिथून समुद्राखालून ब्रसेल्स, मग अर्ध्या तासाची छोटी गाडी. त्या छोट्या गाडीत मी पान उलटं केलं. पुढची बाजू टाइप केलेली होती. मागे पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं आहे हे मला माहीत होतं, पण त्यांचं हस्ताक्षर बघवत नव्हतं म्हणून मी ते वाचलं नव्हतं. आता वाटेत लागेल तसं वाचायचं ठरवलं.

स्टेशनपासून सरळ रस्ता. पेन्सिलीत होतं: डाव्या फुटपाथने चालावं, उजवीकडचे दगड वरखाली आहेत. नकाशांवर हल्ली सगळंच दिसतं, मी मनात म्हटलं. पुढे होतं: कोपऱ्यावरच्या बेकरीतली चष्मेवाली बाई सावकाश इंग्रजी बोलते, तिलाच विचारावं. हे वाचून मी थोडी थांबले. पण कुणीतरी जाऊन आलेल्याने सांगितलं असेल. बेकरीत चष्मेवाली बाई नव्हती, एक तरुण मुलगा होता.

लायब्ररीसमोरच्या चौकात पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. पुढची ओळ अशी होती: दशम्या बाहेरच्या बाकावर बसून खाल्ल्या, कुणी हटकत नाही.

खाव्यात नाही. खाल्ल्या.

मी त्याच बाकावर बसले. त्यांच्यासाठी दशम्या मी आयुष्यात एकदाच बांधून दिल्या होत्या. कॉव्हेंट्रीला त्यांचे एक जुने मित्र राहायचे. एका मंगळवारी दिवसभर त्यांच्याकडे जाऊन येतो म्हणाले, तेव्हा त्या मित्रांना आवडतात म्हणून मी आदल्या दिवशी दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या होत्या. ते रात्री परतले तेव्हा पाय सुजले होते. कॉव्हेंट्रीत फार चाललो म्हणाले. मित्रांना दशम्या आवडल्या का, विचारलं, तर म्हणाले, फार आवडल्या. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही असा माझा समज होता.

आधी मला राग आला. बाकावर बसून मी त्यांच्याशी मोठ्याने भांडले, मराठीत, त्यामुळे कुणाला कळलं नाही. दोन वर्षं मी स्वतःला खात होते आणि हे गृहस्थ इथे माझ्याच दशम्या खाऊन गेले होते. मग लाज वाटली. घरात एवढंही सांगण्याची सोय मी ठेवली नव्हती. आणि मग, अगदी खरं सांगायचं तर, बरं वाटलं. लायब्ररी त्यांनी पाहिली होती. माझ्यामुळे राहिलं नव्हतं.

बरोबर एक वाजता आत गेले. काउंटरवर विचारावं, बसू देतात, असं लिहिलं होतं, आणि तसंच झालं. लांबलचक टेबलं, वर लाकडाच्या गॅलऱ्या, आणि माना खाली घातलेली पोरं. पेन्सिल म्हणत होती: खिडकीकडून तिसरं टेबल. खालून ऊब येते. हिचे पाय गार पडतात.

तिसऱ्या टेबलाशी बसले. खालून खरंच ऊब येत होती. बूट काढून मी पाय पुढे केले. प्रत्येक ओळ माझ्यासाठी होती, हे तेव्हा कळलं. ते मौज करायला आले नव्हते. कधीतरी मी हो म्हणेन, म्हणून आधी रस्ता बघून गेले होते. दगड कुठे वरखाली, बाई कोण सावकाश बोलते, माझे पाय कुठे गरम राहतील.

कागदाच्या तळाशी शेवटची एक ओळ उरली होती. अक्षर जरा घाईचं होतं.

'दोन तास धरले होते. एकट्याने पाऊण तासच बसवलं.'

मी ती ओळ बराच वेळ पाहत राहिले. समोरच्या मुलीने मान वर करून विचारलं, तुम्ही ठीक आहात ना. मी ठीक आहे म्हणाले. तिने कागदी रुमालाचं पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि पुन्हा वाचायला लागली.

पाऊण तास झाला तेव्हा मलाही उठावंसं वाटलं. अगदी त्याच वेळी, उगाच नाही. एवढ्या मोठ्या खोलीत शेजारची खुर्ची रिकामी असली की वाचता येत नाही, आणि बाहेर निदान रस्ता असतो. मी बूट पायात घातले सुद्धा. मग परत काढले. माझा पाऊण तास बसून झाला होता. पुढचा सव्वा तास त्यांचा राहिला होता, तो मी बसून काढला.