दिल्लीची तारीख येईपर्यंत

बारावीत असताना शाळेतल्या समुपदेशक बाईंनी आईला बोलावून सांगितलं, "मुलीला ऑटिझम असू शकतो. दिल्लीला दाखवून घ्या." तिथल्या इस्पितळात नाव नोंदवलं, तर तारीख मिळायला वर्षाच्या वर लागेल असं कळलं.

आमचं घर बुंदेलखंडात, समथरला. पूर्वज कधीकाळी कारकुनीला इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. बाबा म्हणाले, "तारीख येऊ दे, मग कॉलेजचं बघू. वर्षभर घरी राहिली तर काय बिघडतं?"

आई पोळ्या लाटत होती. "आणि तोवर हिनं काय करायचं? खिडकीत बसायचं?"

जुलैत मी झाशीला वनस्पतिशास्त्राला प्रवेश घेतला.

वसतिगृहात माझ्या खोलीत जवळच्याच टहरौली गावची एक शेतकऱ्याची मुलगी होती. ती बोलायला लागली की व्हरांड्यातले पारवे उडायचे. पाठ करून आणलेलं वाक्य मी पहिल्याच दिवशी म्हणून टाकलं, "मुझे शायद ऑटिज़्म है. अभी पक्का नहीं है."

ती ट्रंकेचं कुलूप काढत होती. "उसमें होता क्या है?"

हे कुणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं. मी सांगितलं, ट्यूबलाइटची गुणगुण डोक्यात शिरते. मागून कुणी हात लावला की दचकते. आणि लोक "कभी आना घर" म्हणाले की मी खरंच जाऊन दारात उभी राहते.

ती हसत हसत ट्रंकेवरच बसली. मग म्हणाली, "तुझ पे नहीं हँसी. हमारी बुआ सबको ऐसे ही बुलाती हैं, और कोई आ जाए तो छुप जाती हैं."

मग मलाही हसू आवरेना.

त्याच संध्याकाळी तिनं ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला. मेसमधल्या ताटांचा खणखणाट मला सोसत नसे, म्हणून मी स्वतः जाऊन स्वयंपाकिणीला विचारलं आणि गर्दी व्हायच्या आधी जेवायला लागले. असं काही मागता येतं, हेच मला नवीन होतं.

थंडीत एकदा ती म्हणाली, "शनिवार को मेरे घर चलो. सच में बुला रही हूँ."

गेलो. तिच्या शेतात हरभरा भरात आला होता. तिच्या आईनं वाळल्या गवताच्या जाळावर हिरवी रोपं घाट्यांसकट भाजायला टाकली. मी बांधावरून फिरत तणांची नावं सांगत सुटले, त्यांची मुळं, त्यांची फुलं, आणि कुणी जांभई दिली नाही. आनंद झाला की माझे हात फडफडतात. समथरला पाहुण्यांसमोर मी ते मांडीखाली दाबून ठेवायची. इथे मात्र माझ्या नकळत ते पाखरांसारखे सुटले.

पोरीला काय झालं, असं तिच्या आईनं बुंदेलीत विचारलं, "काए, मोड़ी खों का हो गओ?"

"कछू नईं अम्मा, खुस है."

"अच्छा," म्हणत तिनं आणखी एक जुडी जाळावर टाकली. काळ्या झालेल्या हातांनी आम्ही पोटभर हरभरा खाल्ला.

दिल्लीची तारीख आली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. बाबा बरोबर आले. डॉक्टर बाईंनी पुष्कळ विचारलं, त्यांनाही आणि मलाही, आणि शेवटी सांगितलं की हो, ऑटिझमच आहे. मला हलकं वाटलं. बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

परतीच्या गाडीत आग्र्याला त्यांनी पेठा घेतला. गाडी सुटल्यावर म्हणाले, "लग्नाच्या पंगतीत मलाही बसवत नाही गं. म्हणून मी वाढायला उभा राहतो. हातात भांडं असलं की कुणाशी बोलावं लागत नाही."

मला आजवर वाटायचं, त्यांना वाढायची हौस आहे!

"बाबा, मग तुम्हीही नाव नोंदवा."

ते इतक्या मोठ्यानं हसले की समोरच्या माणसानं पेपर खाली केला. "आता या वयात?" थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "वर्षभर लागतं, नाही का?"

पुढे चंबळ आली. आम्ही दोघं खिडकीपाशी पेठा खात नदी बघत होतो.