गोळीचे चार तुकडे

वहिनींनी गोळ्यांच्या पाकिटाला हात घातला आणि काकूंनी तो हात वरच्यावर धरला. "तू नको शिवू ह्या दिसांत. वासानं मळमळंल. तिला दे, ती कापील."

ती म्हणजे मी. बाजूला कणीक मळत होते. मलाही दिवस होते. वहिनींना दुसरा महिना, मला तिसरा. काकूंना ते ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात मोरीपाशी मला ओकताना पाहून त्यांनीच विचारलं होतं. तरी पाकीट माझ्या हातात आलं.

गोळीला वास नव्हता. पहिल्याच दिवशी कळलं. पण विचारलं नाही. त्या घरात विचारायची मला सवयच नव्हती.

काष्टीतलं बागायतदाराचं घर. मी तिथं स्वयंपाक आणि धुणीभांडी करायचे, नवरा त्यांच्या ट्रॅक्टरवर. आबांची, म्हणजे काकूंच्या मालकांची, प्रोस्टेट वाढल्यानं लघवी अडायची. त्यांना रोज अख्खी गोळी. दादा हा त्यांचा मुलगा, वहिनींचा नवरा. त्यांचं कपाळ वर वर सरकत चाललं होतं. त्यांना केसांसाठी त्याच गोळीचा रोज चौथा तुकडा. केसांची छोटी गोळी वेगळी मिळते म्हणे, पण दादांच्या कुणा दोस्तानं हा तोडगा सांगितलेला. बापाची लघवी आणि लेकाचे केस एकाच पाकिटावर चालायचे. मला तेव्हा हसू यायचं.

दर बाजाराच्या दिवशी दोन गोळ्या कापायच्या. टेबलावर पेपरचा कागद, दाढीचं अर्धं ब्लेड. गोळी कापली की चुरा पडतो. सांडलं की काकू ओरडायच्या. म्हणून मी बोट जिभेवर ओलं करायचे, चुरा टिपायचे, तुकड्यांच्या डबीत झटकायचे. पुन्हा बोट जिभेवर. कडू लागायचं. कुणी नको म्हणालं नाही. वहिनी समोर बसून डाळिंब खायच्या.

मधे ग्रहण आलं. सासूनं मला ग्रहण सुटेपर्यंत आडवं निजवलं. "काय चिरू नगं, कापू नगं. पोरात खोट ऱ्हाती." मी हललेही नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता. जाऊन गोळ्या कापल्या.

असे सात बाजार गेले. आठव्याला काकूंनी मलाच पाकीट आणायला धाडलं. मेडिकलवाले वयस्कर. त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं.

"गोळ्या कापतं कोन?"

"मीच."

ते म्हणाले, "अगं बाई, फुटल्याली गोळी पोटुशी बाईनं हातात धरायची न्हाई. पोटात पोरगा आसला तर त्याच्या लघवीच्या जागंत दोष ऱ्हाऊ शकतो. मी दादांना सांगितलं हुतं. घरात सांगतो, म्हनले."

घरात सांगितलंही होतं. घरात मी धरलेली नव्हते, एवढंच.

पाकीट, कागद आणि ब्लेड मी टेबलावर ठेवलं. सगळे चहाला बसले होते. म्हणाले, "मी कापनार न्हाई. माझ्या पोटातबी पोर हाय."

काकू हसल्या. "तुला काय धाड भरती? तुमच्यातल्या बाया उसाच्या फडात बाळंत व्हत्यात."

खरं आहे. माझी आई झालीच होती फडात. मी तिथलीच. पण आईकडं दुसरी जागा नव्हती, म्हणून ती तिथं झाली. तिची हाडं लोखंडाची होती म्हणून नाही. हे मला तेव्हा बोलता आलं नाही. एवढंच म्हणाले, "मग वहिनींनाच कापू द्या."

आबा कपात बघत राहिले. दादांचा हात डोक्यावर गेला, केस चाचपायला. वहिनींनी पोटावर पदर ओढला. ते बघून मला कळायचं ते कळलं. मी ब्लेड उचललं, कागदात गुंडाळलं, कमरेला खोचलं आणि निघाले. पुन्हा त्या घराची पायरी चढले नाही.

आता आठवा महिना लागलाय. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण चांगली आहे, पण तीही म्हणते, "सांगता येत नाही. बाळ झाल्यावरच कळंल." सोनोग्राफीत हात दिसले, पाय दिसले. मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्यानं बंदी. मला तेवढंच कळायला हवं होतं. सासूनं मुलगा व्हावा म्हणून नवस बोललाय. मी तिच्या शेजारी हात जोडून मुलगी मागते. मुलगा असेल तर? झोपेतून दचकून उठते. जीभ कडू वाटते.

नवरा अजून त्यांच्याच ट्रॅक्टरवर जातो. म्हणतो, "तोंड मिटून ऱ्हा. कोन मानंल तुझं?" कुणी मानणार नाही. गोळीमुळंच झालं असं डॉक्टरीणही लिहून देणार नाही, हे मला कळतं.

पोरात काही उणं निघालं तर गाव मलाच धरेल. ग्रहणात काय कापलंस, म्हणून विचारेल. त्या दिवशी मी मान खाली घालणार नाही. कागदातलं ब्लेड ट्रंकेत आहे. ते पुढं ठेवीन आणि सांगीन: ग्रहणात नाही, बाजाराच्या दिवशी कापलं. त्यांच्या टेबलावर, त्यांच्या केसांसाठी. त्यांना माहीत होतं.

आणि पोर धडधाकट निघालं, तरी हेच सांगीन.