दगा जॉबरचा कान

लिंबायतच्या कामगार वस्तीत कुणाची बुलेट रुसली की ती आधी दगा जॉबरच्या दारात यायची. आठवडाभर हा माणूस कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करायचा आणि सुटीच्या दिवशी दारापुढे पोतं अंथरून गाड्या. पैसे घेत नसे. चहा आणि कौतुक, दोन्हींवर त्याचा सारखाच जीव. सल्ला मात्र न मागताही द्यायचा. किक मारायच्या आधी अँपिअरचा काटा मधे आणा, नाहीतर उलटी किक बसून घोटा जाईल. क्लचची नवी वायर जुनीच्या शेजारी आधीच ओवून ठेवा, म्हणजे रस्त्यात रडायची पाळी येणार नाही. चेन फार ताणू नका, तिलाही श्वास घेऊ द्या. एवढं झालं की तो इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि आत काय बिघडलंय ते सांगायचा. लोक म्हणत, कान असावा तर दगासारखा.

तो कान गेला होता. मागांच्या खडखडाटात अर्धं आयुष्य काढल्यावर दुसरं काय होणार? आधी डासाची गुणगुण गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसांचे शब्द. दगाने कुणाला कळू दिलं नाही. बहिरा जॉबर कोण ठेवतो? शेठला नुसता संशय आला असता तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असता. समोरच्याचे ओठ वाचायला तो शिकला होता. घरात निभावून नेणं सोपं होतं. नवरा ऐकत नाही ही तक्रार कुठल्या बाईची नसते? पुष्पाबाईलाही त्यात नवीन काही वाटलं नाही. गाड्यांच्या बाबतीत तो प्लगवरची काजळी बघायचा, धुराचा वास घ्यायचा, मालकाचा चेहरा वाचायचा आणि अंदाजाने ठोकून द्यायचा. अंदाज बरेचदा खरा निघे. पण पाठीमागून कुणी हाक मारली तर, या भीतीने तो बाजारातही भिंतीच्या कडेकडेने चालायचा.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात एका सुटीच्या दिवशी जावई वाल्मिक जेवायला आला. तो चलथाणला साखर कारखान्यात होता. नुकतीच त्याने तिसऱ्या हाताची एक जुनी बुलेट घेतली होती आणि मागे बसली होती दगाची एकुलती एक लेक, रंजना. जेवणं झाली. निघायच्या आधी वाल्मिकने गाडी सासऱ्यापुढे उभी केली. दगाने प्लग घासला, टॅपेटच्या सळ्या बोटांनी फिरवून पाहिल्या, चेन तपासली. सगळं ठाकठीक होतं. मग गाडी सुरू करून त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. हाताला थरथर लागली, पण बुलेट चांगली असली तरी थरथरतेच. गल्ली बघत होती. वाल्मिकने खूण करून विचारलं, कशी शे?

"फस क्लास," दगा म्हणाला. "बिनधास जा."

गाडी वळणाआड गेली. पुष्पाबाई त्याच्यासमोर येऊन भांडी उचलू लागली.

"जवाईनी गाडी कितली ठोकी ऱ्हायंती व्हो! खाले कोणी हातोडी मारस तशी."

दगाने तिच्या हातातलं भांडं धरलं. "तुले ऐकू उनं?"

"माले का, आख्ख्या गल्लीले ऐकू उनं! तुम्हले नही उनं?"

खालून हातोडी मारल्यासारखा ठोका. त्याचा अर्थ तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता. इंजिनाच्या पोटातलं मोठं बेअरिंग खलास झालंय. ते कधीही अडकेल, इंजिन जागीच जाम होईल, मागचं चाक धरेल आणि वेगात असलेली गाडी माणसांना फेकून देईल. तेही चलथाणला जाणाऱ्या, उसाच्या ट्रकांनी भरलेल्या कडोदरा रस्त्यावर. आणि रंजना एका बाजूला पाय सोडून बसलेली.

तो अनवाणीच धावला. शेजारच्या रामदासची रिक्षा दारात होती. "कडोदराकडे घे! जलदी!" रामदास वळून वळून काहीतरी विचारत होता. दगा प्रत्येक वेळी "हां, हां" म्हणत होता आणि रामदास त्याच्याकडे विचित्र नजरेने बघत होता. बघू दे. पर्वत पाटिया मागे पडलं. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकचं पुढचं चाक त्याने निरखून पाहिलं, त्यावर काही लागलंय का म्हणून. असं बघतोय हे लक्षात आलं तेव्हा त्याने मान खाली घातली.

पुढे रस्त्यात गर्दी दिसली. रिक्षा थांबायच्या आतच त्याने उडी मारली, माणसं ढकलत तो आत घुसला. उसाची बैलगाडी कलंडली होती, दोघंजण मोळ्या गोळा करत होते. त्याने बैलगाडीच्या चाकाला धरून क्षणभर डोकं टेकवलं आणि पुन्हा रिक्षाकडे पळाला.

ती दोघं नियोल गावाच्या अलीकडे सापडली. बाभळीखाली बुलेट स्टँडवर उभी होती आणि रंजना दगडावर बसली होती. धडधाकट होती.

वाल्मिक त्याच्यासमोर येऊन तावातावाने बोलू लागला, म्हणून दगाला शब्द न् शब्द कळला.

"मामा, ठोका माले बी ऐकू ई ऱ्हायंता. सकाळपासून! पन तुम्ही फस क्लास म्हनात, म्हनीसन म्हटलं मनाच कान खराब शे. हाई रडाले लागनी तवय थांबनू. आते तरी नीट ऐका, नि सांगा, घर लगून चालस का?"

आणि त्याने किक मारली. रामदास जवळ आला. तिघं दगाच्या तोंडाकडे बघू लागले. अजूनही वेळ गेलेली नव्हती. मघाशी तो नुसता टॅपेटचा आवाज होता, बेअरिंग आत्ताच गेलं, असं म्हटलं असतं तर कुणाची शंका घ्यायची हिंमत झाली नसती. नोकरी राहिली असती, मान राहिला असता. दगा भ्याला, कारण ते वाक्य त्याच्या जिभेवर आलेलंच होतं.

त्याने पुढे होऊन इंजिन बंद केलं.

"माले ऐकू येत नही," तो म्हणाला. "कव्हानंच येत नही."

मग रंजना उठून त्याच्याजवळ आली. तिने पदर तोंडाशी धरला होता, खांदे हलत होते आणि त्या पदराआडून ती काहीतरी बोलली. दगाला एक अक्षर कळलं नाही. आजवर अशा वेळी तो नुसती मान डोलवायचा.

"काय म्हनी व तू?" त्याने विचारलं. "पदर काढ. परत सांग."