डोकं दुखतानाची कामं

"चांगली बातमी असेल तर अकरानंतर सांगा," असं म्हणून ताईंनी माझ्या तोंडावर दार लावलं. आमची खरी ओळख त्या दिवशी झाली.

माझ्या मुलीला वॉटर्लू विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि मी पेढ्यांचा डबा घेऊन कॅनडातल्या मिसिसागात आमच्या इमारतीत मजल्यामजल्यावर हिंडत होतो. पेढे दुकानातले होते, अक्कल मुलीची होती. माझं कर्तृत्व डबा उचलण्यापुरतं. पण बाप हा प्राणी अशा वेळी स्वतःच पास झाल्यासारखा चालतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. ताई माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांनी दार उघडलं तेव्हा कपाळाला ओला रुमाल बांधलेला होता आणि कानाशी फोन. फोनमधून इंटरनेट कंपनीचं ते कधीच न संपणारं संगीत ऐकू येत होतं.

अकरा वाजून गेल्यावर त्या स्वतःच खाली आल्या. रुमाल नव्हता, केस नीट विंचरलेले. अर्धा पेढा खाल्ला, मुलगी काय शिकणार ते नीट समजून घेतलं आणि मग म्हणाल्या, "राग नका मानू, भाऊ. नऊ ते अकरा माझं डोकं दुखतं. तेव्हा मी फक्त डोकेदुखीचीच कामं करते."

मला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती, ती त्यांची पद्धत होती.

ताईंच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. चढ चढला, थंडीत भराभर चाललं, की छाती आवळून यायची. डॉक्टरांनी अंगावर चिकटवायची औषधाची पट्टी दिली होती. सकाळी लावायची, झोपताना काढायची. ताई तिला 'तिकीट' म्हणायच्या. या तिकिटाने छातीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात. पण औषधाला छाती कुठे संपते आणि डोकं कुठे सुरू होतं ते कळत नाही. डोक्यातल्याही सैलावतात आणि कपाळ ठणकायला लागतं. आठला तिकीट लावलं की नवाला ठणका सुरू, अकराला ओसरलेला. सुरुवातीला त्या रडल्या. एकदा वैतागून पट्टी उपटून कचऱ्यात टाकली. तोच कचरा खाली टाकायला जाताना छातीत कळ आली, आणि परत येऊन त्यांनी मुकाट्याने नवीन पट्टी लावली.

"मग मी विचार केला," ताई म्हणाल्या, "डोकं तर दुखूनच राहिलं आहे. मग फुकट काहून दुखू द्यायचं? कामाला लावू त्याला."

ज्या कामांनी एरवी धडधाकट माणसाचं डोकं दुखतं, ती सगळी त्यांनी या दोन तासांत बसवली. इंटरनेट कंपनी. इन्कम टॅक्सवाले. नागपूरचा एक चुलतभाऊ, जो दर फोनला आपल्या प्लॉटचा भाव सांगायचा. चांगलं डोकं अशा कामांवर खर्च करणं त्यांना उधळेपणा वाटे. लायब्ररीची पुस्तकं, मैत्रिणी, नातीशी गप्पा, हे सगळं अकरानंतर. मला त्यांचा फोन कायम दुपारी यायचा, आणि माझ्या आयुष्यातल्या थोड्या सन्मानांपैकी हा एक, असं मी मानतो.

सकाळच्या वर्गात सगळ्यात वरचा नंबर होता त्यांच्या संस्थेच्या अध्यक्षांचा. दर एप्रिलला, चौदा तारखेच्या जयंतीचा मोठा कार्यक्रम व्हायचा, ताई चिटणीस होत्या, आणि अध्यक्ष आपल्या भाषणाचा मसुदा फोनवर वाचून दाखवायचे. सज्जन माणूस, फक्त माईक दिसला की त्यांना स्वतःचा जन्म आठवायचा. एकदा मी ताईंचा डबा परत करायला गेलो होतो तेव्हा फोन स्पीकरवर होता. पहिलं पान अध्यक्षांचं बालपण, दुसरं त्यांची नोकरी, तिसरं कॅनडातलं त्यांचं योगदान.

ताई रुमाल पिळत म्हणाल्या, "अध्यक्ष, ज्यांची जयंती आहे ते कोणत्या पानावर येतात?"

"चौथ्या, ताई."

"त्यांना जरा लवकर बोलवा ना. दुरून येऊन राहिले ते."

ताईंचा मुलगा बर्नाबीला असतो, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, घड्याळ आमच्यापेक्षा तीन तास मागे. सॉफ्टवेअरमधली नोकरी, बायको, एक लहान मुलगी. घराखाली बेसमेंट, वेगळं दार, वेगळं किचन. दर रविवारी तो म्हणायचा, "आई, इकडे ये. बेसमेंट एम्प्टी आहे." आणि दर रविवारी ताई म्हणायच्या, "बेसमेंटात ठेवायला मी काय बटाटे आहे?"

हसून सांगायच्या, पण गंमत तेवढीच होती. त्यांचं नागपुरातलं बालपण दोन खोल्यांत दहा माणसांबरोबर गेलं. लग्नानंतर सासर, मग इथे येऊन दुसऱ्याच्या घरात भाड्याने. विमानतळाजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात त्या कित्येक वर्षं बसने जात राहिल्या, आणि नवरा गेल्यावर हे एका बेडरूमचं घर त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं. "दार लावलं की आत फक्त मी. बाईला हे साठी जवळ आल्यावर मिळालं, भाऊ. आता ते मी सोडू?" माझ्या तोंडावर लागलेलं दार कोणतं होतं, ते मला तेव्हा कळलं.

काही आठवड्यांनी डोकेदुखी आपोआप कमी झाली. फार्मसिस्टने तसं आधीच सांगितलं होतं. शरीराला सवय होते म्हणे. ताई मात्र अस्वस्थ झाल्या. आधी शंका आली की तिकीट बनावट निघालं. डॉक्टरांना विचारून ती फिटली, तर दुसरी अडचण. "कामं तुंबून राहिली ना, बापा! नवाला फोनजवळ बसते, पण चांगल्या डोक्यानं त्या लोकांशी बोलवतच नाही." तो उन्हाळा अध्यक्षांनाही जड गेला असावा. ऐकणारं कोणी नसलं की मसुदे लांबतात.

थंडी सुरू झाली तशी छाती पुन्हा आवळायला लागली. डॉक्टरांनी पट्टी जास्त ताकदीची दिली. लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा रुमाल बांधलेला होता. "आलं परत!" त्या म्हणाल्या, जुना भाडेकरू परत आल्यासारखं. मी मनापासून हसलो. घरी येऊन चहा ओतताना लक्षात आलं, की डोस काही कोणी हौसेने वाढवत नाही.

पट्टीशिवाय त्यांच्याकडे एक छोटा स्प्रे होता. अचानक छाती दुखली तर जिभेखाली मारायचा. पण त्याने रक्तदाब झर्रकन उतरतो, म्हणून आधी बसायचं, मग मारायचा, आणि लगेच उठायचं नाही. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर रुग्णवाहिकेसाठी नाइन-वन-वनला फोन. ताई हे सगळं काटेकोर पाळायच्या. फक्त एकदा, तळमजल्यावरच्या लॉन्ड्री रूममध्ये, त्या बसल्या, स्प्रे मारला, कळ थांबली, आणि तेवढ्यात एक बाई टोपली घेऊन मशीन मोकळं व्हायची वाट बघत उभी राहिली. ती बिचारी काही बोललीही नाही. पण तिला खोळंबा नको म्हणून ताई पटकन उठल्या, आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन मशीनच्या दारावर हनुवटी आपटली. मी माझे कपडे घेऊन पोचलो तेव्हा ती बाई रडत होती आणि ताई फरशीवर बसून तिची समजूत काढत होत्या.

"औषधानं नाही पाडलं मला," हनुवटीला टाके पडल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या भिडेनं पाडलं."

मुलगा विमानाने आला. चेहरा ओढलेला. "आई, धिस इज नॉट वर्किंग. तुझा फोन आला नाही की मला मीटिंगमध्ये काही सुचत नाही. काका, तुम्ही तरी सांगा हिला." मी चहाच्या कपात बघत राहिलो. दोघांचंही बरोबर असलं की शेजाऱ्याने कपात बघावं.

ताईंनी थोडा विचार केला. "एक पडणं माफ कर. दुसऱ्यांदा पडले, तर मी स्वतः सांगेन आणि येईन."

"प्रॉमिस?"

"माझ्या शब्दाला तुझ्या प्रॉमिसची गरज नाही."

त्या हिवाळ्यात ताईंनी बसण्याची विद्या आत्मसात केली. छातीत जरा काही वाटलं की ट्रॅफिक पोलिसासारखा उजवा पंजा वर करायचा, समोरच्याचं वाक्य अर्ध्यात थांबवायचं आणि जे जवळ असेल त्यावर बसायचं. ग्रोसरीच्या दुकानात तांदळाच्या पोत्यांवर. बस स्टॉपशेजारच्या, रस्त्यावरच्या बर्फावर टाकायच्या मिठाच्या पिवळ्या पेटीवर. एका बँकेत मॅनेजरच्या खुर्चीवर, मॅनेजर उभा असताना. दुकानातल्या पोरीने घाबरून "मॅम, आर यू ओके?" विचारलं तर शांतपणे, "येस, आय ॲम सिटिंग." उठण्याचेही टप्पे होते. आधी पाय हलवायचे, मग कडेला सरकायचं, मग कशाला तरी धरून उभं राहायचं. कोणी खोळंबलं तर खोळंबू द्यायचं. हे शेवटचं त्यांना सगळ्यात अवघड गेलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना जागा करून दिली होती.

एप्रिलच्या जयंतीला मी गेलो होतो. शाळेचा जिम, म्हणजे खेळाचा हॉल, घडीच्या खुर्च्या, आणि तासभर उशिरा येणारे प्रमुख पाहुणे, स्थानिक राजकारणातले. पाहुणे दारात दिसताच अध्यक्षांनी माईकवरून फर्मावलं, "सर्वांनी उभे राहून स्वागत करावे!" जिम उभा राहिला. ताई पहिल्या रांगेत बसून राहिल्या. स्प्रे नुकताच मारला होता.

एक कार्यकर्ता धावत आला. "ताई, उठा ना, पाहुणे आले!"

"मी बसूनच आदर करून राहिले."

"ताई, बरं नाही दिसत."

"अरे, आत्ता उठले तर सरळ त्यांच्या पायांवर पडेन," ताई म्हणाल्या. "आणि कोणाच्या पाया पडणं आपल्यात बसत नाही."

मागच्या दोन रांगा हसल्या. एक म्हातारे गृहस्थ "बरोबर आहे ताईंचं" म्हणत खाली बसले, मग आणखी काही जण बसले. पाहुण्यांना वाटलं, इथे अशीच रीत असेल. त्यांनीही चटकन बसून घेतलं. अध्यक्ष एकटेच उभे राहिले. नाही तरी त्यांना भाषण करायचंच होतं. आणि हे लिहिलंच पाहिजे, की ज्यांची जयंती होती ते त्या वर्षी पहिल्याच वाक्यात आले.

मेअखेरीस एका सकाळी साडेनऊला माझा फोन वाजला. ताईंचं नाव बघून मी दचकलो. मी काय केलं होतं?

"ताई, चुकून लागला का?"

"नाही. डोकं दुखून राहिलं आहे, म्हणूनच लावला." रुमाल पिळल्याचा आवाज आला. "काल पडले, भाऊ."

दुपारी खिडकी लावायला उठल्या आणि अंधारी आली. अर्ध्या सोफ्यावर, अर्ध्या खाली. लागलं काहीच नव्हतं.

"कोणी होतं घरात?"

"कोणी नाही."

मी घाईघाईने वकिली सुरू केली. सोफ्यावर पडणं हे पडणं धरत नाहीत. अर्धं तर बसणंच झालं. शिवाय खरचटलंसुद्धा नाही.

त्या हसल्या. "पुण्याचे शोभता. अर्धं पडणं म्हणे!"

"पण ताई, कोणी पाहिलं नाही ना?"

"मी पाहिलं ना."

माझी वकिली तिथेच संपली. पुष्कळ वाचलंय मी, त्यातलं काही कामाला आलं नाही. मी विचारलं, "मुलाला सांगितलं?"

"तिकडे आत्ता साडेसहा वाजून राहिले, झोपला असेल. त्याला सांगणं सोपं आहे हो, खूश होईल तो. अवघड काम आधी उरकलं." मग म्हणाल्या, "ठेवू नका फोन. अकरापर्यंत वेळ आहे."

अकरापर्यंत आम्ही कुकर कोणाला द्यायचा, पुस्तकं कोणाला, यावर बोलत राहिलो.

त्या बर्नाबीला गेल्या. बेसमेंटात नाही, वरची कोपऱ्यातली खोली मिळवली, आणि आतून लावायची कडी पहिल्याच आठवड्यात मुलाकडून बसवून घेतली. नात दार वाजवून विचारते म्हणे, "आजी, कॅन आय कम इन?" आणि आजी वेळ बघून उत्तर देतात. इथे वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं आलं आहे. सकाळी नवाला गाणी लावतात.

बर्नाबीचे नऊ ते अकरा म्हणजे आमचे बारा ते दोन. त्या वेळात मी फोन समोर ठेवून जेवतो. तो वाजला नाही की जेवण गोड लागतं. दोन वाजून जातात, मी ताट तसंच ठेवून थांबतो, आणि अडीच-तीनला कधीतरी तो वाजतो.

"बसलात का, भाऊ?" ताई विचारतात.

मी बसलेलाच असतो, बारापासून.