वरच्या वावरातली माती

आमच्या घरी देवीवर सगळ्यांचा विश्वास. मला मात्र लहानपणापासून संशय, आणि तोही देवीवर नाही, वडिलांवर.

देवीनं म्हणे पणजीला शब्द दिला होता: वरच्या वावरातली माती आणून घट बसवत जा, या घरचा घट उगवल्याशिवाय राहणार नाही आणि घरही उजाड होणार नाही. तेव्हापासून दर नवरात्रात त्या वावरातली टोपलीभर माती देवघरात येते. तीत गहू पेरतात, मधोमध पाण्यानं भरलेला घट ठेवतात, वर रोज एक माळ चढते. तिसऱ्या-चौथ्या माळेला कोंब दिसतात. दुष्काळात दिसले, अतिवृष्टीतही दिसले. इतकं बिनचूक मी दुसरं काहीच पाहिलं नाही, म्हणूनच मला ते पटत नसे.

शिवाय मी सहावीत असताना एका दुपारी वडील देवघरातून बाहेर आले, तेव्हा त्यांच्या नखांत काळी माती होती. बसलेल्या घटाला कुणी हात लावायचा नसतो.

"दादा, घटाला हात लावला का?" मी वडिलांना विचारलं.

"न्हाई रे. समईचं तेल सांडलं व्हतं, ते पुसलं."

तेल पुसून नखांत माती जात नाही, एवढं मला सहावीतही कळत होतं.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या नवरात्राआधी मायच्या पोटात गाठ निघाली. परभणीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला दसऱ्यानंतरची तारीख दिली. माय म्हणाली, "घट उगू दे, मंग येते. न्हाई उगला तर मला चिरायला नेऊ नका." हिला दवाखान्यात जायचंच नाही, म्हणून देवीला मध्ये घातलंय, असा मला दाट संशय आला. मी शिकवतो त्या सेलूच्या शाळेत रजा टाकली आणि तिच्यावर नजर ठेवायला गावी येऊन बसलो.

चौथी माळ झाली, माती काळी ती काळीच. माय चष्मा लावून दर तासाला वाकून बघायची. पाचव्या माळेला तिनं फराळाची ताटली सरकवून दिली आणि परभणीचं नाव काढलं की तोंड फिरवायला लागली. मला भीती वाटली.

गहू जुना असेल, दुकानदारानं फसवलं असेल, असं करत गावातल्या निम्म्या लोकांवर संशय घेऊन झाला. शेवटी धाकट्या भावाला वरच्या वावरात गाठलं. बांधावर औषधाचा रिकामा डबा पडलेला.

"हरभरा पेरला अन् वरून फवारलं, तण उगू नये म्हून," तो म्हणाला, मग त्याची नजर डब्यावर गेली. "मायनं माती हितलीच नेली का?"

तिथलीच नेली होती. देवीनं सांगितलेलं वावर तेच ना!

मायला खरं सांगून उपयोग नव्हता. फवाऱ्यानं मोडतो तो देवीचा शब्द कसला, म्हणाली असती. मी मूठभर गहू भिजवून ओल्या फडक्यात बांधले आणि माझ्या पिशवीत लपवले. सातव्या माळेला मोड आले. दुपारी माय देवीची ओटी भरायला देवळात गेली. मी टोपलीतली वरची माती काढली, विहिरीजवळची घातली, मोड आलेले गहू तीत दाबले. देवीकडे बघायचं मात्र मी टाळलं. ज्याच्यावर विश्वास नाही त्याची भीती कशाला वाटावी, हे मला आजही सांगता येणार नाही.

दसऱ्यापर्यंत बोटाच्या पेराएवढे कोंब आले. माय बराच वेळ बघत राहिली. मग पिशवी भरायला लागली. एक शब्द बोलली नाही, आणि तिच्या त्या गप्प राहण्याचाच मला संशय आला.

दवाखान्यात निघालो त्या सकाळी फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो. तिनं घटातले चार कोंब पदराच्या गाठीत बांधून घेतले होते.

"यंदा माती येगळी दिसली रे. तू हात लावला का घटाला?"

"न्हाई माय. समई सारली तेवढी."

ती हसली. कित्येक दिवसांनी हसली.

"तुझा बाप बी न्हाईच म्हणायचा. त्याच्या आदी तुझा आजा."

"म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं?"

"देवी काय सोता माती उकरायला येती व्हय? घरातल्या कुणाला तरी ती उठवती. औंदा पाचवी माळ झाली तरी कुणीच उठंना, म्हून मी भ्याले."

एसटी आली. चढताना तिनं आधाराला माझा हात धरला, उलटा करून नखं बघितली आणि मग पायरीवर पाय ठेवला.