शेवटच्या ओळीतली सही

‘पीं’ असा एक बारीक, टोकदार सूर परवा सकाळी स्वयंपाकघरात उमटला आणि माझ्या तव्यावरची भाकरी करपली. घरातल्या जुन्या वायरी तपासायला नाते गावचा वायरमन आला होता. तो पडवीत वायरीची दोन टोकं एकमेकांना लावणार, आणि इकडे ओट्यावर ठेवलेला त्याचा तपासणीचा मीटर वाजला की मी त्याला ओरडून सांगणार, एवढंच माझं काम. एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, “काकी, वाजला काय?” आणि मी भाकरी उलटता उलटता म्हणून गेले, “हाय.” तो खुशाल पुढच्या खोलीत गेला. मग माझ्या लक्षात आलं, की या खेपेला मी काही ऐकलंच नव्हतं.

अंगावर काटा आला हो! एवढी वर्षं उलटली, हातून एवढं सगळं घडलं, तरी जीभ तीच? ही खोड मला कुठे लागली ते सांगते. सांगितल्याशिवाय आज माझं कशात लक्ष लागायचं नाही.

लग्नाआधीपासून मी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात होते. टीव्ही-टेलिफोनच्या पोटात जो हिरवा सर्किट बोर्ड असतो, तो चांगला की बिघडलेला हे तपासायचं साधन आम्ही बनवत असू. त्याला म्हणायचं फिक्स्चर. जेवायच्या पाटाएवढी फळी, तिच्यावर स्प्रिंगच्या शेकडो सुया उभ्या. बोर्ड वरून दाबला की प्रत्येक सुई तिच्या नेमक्या ठिकाणी टेकायची. फळीच्या पाठीमागे प्रत्येक सुईपासून शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक तार निघायची आणि कडेच्या ठरलेल्या पिनेला जायची. एक तार जरी भलत्या पिनेला गेली, तरी पुढे धडधाकट बोर्ड नापास. हे सगळं सूक्ष्म, निःशब्द जंजाळ उमरठच्या लक्ष्मीच्या बोटांतून उतरायचं. ती वरच्या वाडीतली, गुरं राखता राखता दहावी झालेली. पण तिच्या तारांची शिस्त बघितली की वेणी घालायला बसलेली बाई आठवावी.

तारा लावून झाल्या की तपासणी दोघींची. फळी उभी करायची. सुयांच्या बाजूला मी, तारांच्या बाजूला ती. एकटीचे हात दोन्हीकडे पुरत नसत. मी सुईला मीटरच्या वायरीचं एक टोक लावून नंबर पुकारायचा, तिने पलीकडून पिनेला दुसरं टोक लावायचं, तार बरोबर असली की बझर वाजायचा आणि ती म्हणे, “हाय.” नाही वाजला तर, “नाय गो.” दिवसभर आम्हाला एकमेकींचं तोंड दिसत नसे, नुसता आवाज. पण आवाजात काय कमी असतं? तिला ताप आहे, नवऱ्याशी भांडून आली आहे, डब्यात आज सुकट आहे, हे सगळं मला त्या एका ‘हाय’वरून कळायचं. मी फार घाई करते म्हणून ती चिडवायची, “तुझ्या मागं वाघ लागलाय काय?” प्रत्येक ओळ संपली की मी कागदावर खुणा करायच्या आणि तिने शेवटी सही करायची.

तो शिमग्याआधीचा शनिवार होता. फाल्गुनातलं महाडचं ऊन, पत्र्याचं छप्पर, वाऱ्याबरोबर येणारा कारखान्यांचा आंबूस वास. एकच ओळ उरली होती, आणि लक्ष्मीची पोलादपूरची गाडी सुटायला आली होती. ती चुकली तर पुढे उमरठला जायला जीप मिळणार नव्हती, आणि गावची होळी हुकणार होती. मीच म्हटलं, तू नीघ, मी बघते. ती गेली. मी काय बघणार होते? एकटीला बघताच येत नव्हतं. मी यादीवर सरळ सगळ्या खुणा केल्या, आणि ओळीच्या शेवटी तिची सहीसुद्धा मीच ठोकून दिली. लक्ष्मीची तार कधी चुकते का? विश्वास! किती सोज्वळ शब्द आहे, आणि त्याच्या पदराआड आळस किती सहज लपतो.

चांगले बोर्ड नापास करतं म्हणून महिन्याभरात गिऱ्हाइकाकडून ते फिक्स्चर परत आलं. नेमकं त्याच आठवड्यात कारखान्यात नवं यंत्र आलं होतं, तारा आपोआप तपासणारं. त्याला फिक्स्चरची केबल जोडायची आणि आमची यादी त्याच्या पोटात भरायची. मग त्याचा एक हात टिक्‌ टिक्‌ करत प्रत्येक सुईला शिवून येई. ना पुकारा, ना उत्तर. साहेबांनी पहिलंच काम म्हणून ते परत आलेलं फिक्स्चर लावलं. चहा यायच्या आत यंत्राने कागद बाहेर टाकला: शेवटच्या ओळीत शेजारशेजारच्या दोन तारांची अदलाबदल. साहेबांनी आमची तपासणीची यादी काढली, सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही ओळ कोणी तपासली? लक्ष्मीने त्या सहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, “मीच, साहेब. मीच हाय म्हटलं.”

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. यंत्रावर एकच बाई लागणार होती, आणि ती जागा मला हवी होती, हे आज लपवून काय उपयोग? मला यंत्रावर बसवलं, तिला पॅकिंगला धाडलं. ज्या बोटांना तारा कळत होत्या, ती बोटं खोक्यांना चिकटपट्टी लावू लागली. पावसाच्या तोंडावर तिने काम सोडलं. मी मात्र पुढची कितीतरी वर्षं त्या यंत्रापाशी बसून होते. त्याचा तो हात कालच तपासलेल्या सुईलासुद्धा आज पुन्हा शिवून बघायचा. कोणावर भिस्त नाही की कोणाची भीड नाही. मला त्याचा राग यायचा, मग हेवा वाटायचा. घरी आले की मी गॅसचं बटण तीनदा बघायची, कडी ओढून बघायची, अंथरुणातून उठून पुन्हा बघायची. जिथे बघायला हवं होतं तिथे बघितलं नाही, मग अशा हजार कड्या ओढून काय होणार होतं?

शेवटी गेल्या माघात न राहवून उमरठला गेले. पोलादपुरापर्यंत एस.टी., पुढे जीप, मग वाडीची चढण. लक्ष्मी गोठ्यात होती, म्हशीला पेंढा घालत. बसायला तिने पोतं टाकलं, ताक दिलं. मी ताकाचा घोट न घेताच घडाघडा सगळं बोलून टाकलं, वर्षानुवर्षं घोकलेलं. मध्येच घड्याळही बघत होते, कारण परतीची जीप साडेतीनची होती. तिने हातातला पेंढा खाली ठेवला. म्हणाली, “मला तेव्हाच कळलं होतं गो. सही माझी नव्हती. पण तारा माझ्याच हातून चुकल्या होत्या, आणि तू धाडलंस म्हणून मला होळी गावली.” मला हुंदका आला. आता बरं वाटेल, असं वाटत असतानाच तिने विचारलं, “एवढंच सांगाया आलीस?” मी मान डोलावली. तिने पेंढा पुन्हा उचलला. मग हळूच म्हणाली, “मला वाटलं, मला भेटाया आलीस.”

मी साडेतीनची जीप पकडली, हेही सांगून टाकते. क्षमा मिळाली होती, काम झालं होतं, आणि मला घाई होती. यादीतल्या आणखी एका ओळीवर मी खूण करून आले होते.

परवा ती करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला आणि त्या वायरमनला परत हाक मारली. म्हटलं, बाबा, मघाची वायर पुन्हा लाव, मी ऐकलं नव्हतं. तो हसला, पण परत आला. मी मीटरपाशी स्टूल घेऊन बसले. हात मोकळे ठेवले. बराच वेळ काही नाही. बाहेर कोंबड्या, रस्त्यावरून ट्रक. मग बारीकसा आवाज आला, आणि मी तो संपेपर्यंत ऐकला.

येत्या रविवारी उमरठला जाणार आहे. परतीची जीप कितीची, ते विचारलेलं नाही. या वेळी सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.