राणीच्या वाट्याचं दूध

जावेनं राणीच्या हातातून सोनीचा गिलास हिसकावला. उरलेलं दूध नालीत ओतलं आन गिलास उकिरड्यावर भिरकावला. राणीचे ओठ दुधानं पांढरे. माझं चार वर्षांचं लेकरू. तिला वाटलं, आपुन काहीतरी सांडलं.

"हिचं उष्टं माझ्या सोनीला लागलं म्हंजी?" जाऊ म्हणाली. "तुमचा रोग तुमच्यापाशीच ठिवा."

मी राणीचे ओठ पदरानं पुसले. नवरा त्याच रोगानं, एचआयव्हीनं गेला. मला आन राणीला रोजच्या गोळ्या. देवणीजवळच्या गावात, दिराच्या घरामागं, पत्र्याच्या खोलीत आम्ही मायलेकी राहायचो. सासू बघून न बघितल्यासारखं करायची.

सोनी आन राणी आठ दिवसांच्या अंतरानं जन्मल्या. सोनी पळाली की अंगण दणाणायचं. माझी राणी चार पावलं पळाली की खोकायची, भिंत धरून उभी राहायची. सोनीला दूध, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. राणीला काळा चहा आन भाकर.

खरं सांगते, मी जळायचे. सोनीच्या गालाकडं, पोटऱ्यांकडं बघून जळायचे. तिच्या श्वासाचासुद्धा हेवा वाटायचा, कसा आवाज न करता येतो-जातो म्हणून. एकदा तिला सर्दी झाली. ती शिंकली आन मला बरं वाटलं. लेकराच्या शिंकेनं बरं वाटलं! मग माझीच मला किळस आली.

थंडीत राणीला न्युमोनिया झाला. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या. लातूरच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला. लेकरू किती वाळलंय ते बघायला डॉक्टरीणबाईनं तिच्या दंडाला पट्टी गुंडाळून माप घेतलं.

"गोळ्या वेळेवर देता?"

"एकबी चुकली न्हाई."

"खायला काय देता?"

मी सांगितलं. बाईनं दंडाचं माप परत बघितलं. मग म्हणाल्या, "पोटात काही नसेल तर एकटी गोळी काय करील? पुन्हा छाती भरेल. घरी दूधदुभतं नाही का?"

डोळ्यापुढं गोठा आला. गाय माझ्या नवऱ्यानं आणलेली. वैरण मी टाकते, शेण मी काढते. धार मात्र जाऊ काढणार, कारण माझा हात बाटलेला. आन मी जळत बसले ते सोनीवर! त्या लेकरानं काय केलं होतं? राणीचा घास मोठ्यांनी काढून घेतला. मी घेऊ दिला.

राणीला घेऊन घरी आले, त्या संध्याकाळी चरवी घेऊन गायीखाली बसले.

"काय करलालीस गं?" जाऊ पळत आली. "तुझ्या हातचं दूध कोन पिणार?"

"राणी पिणार. अक्का, ताटा-गिलासानं ह्यो रोग होत न्हाई, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. तरी भ्या वाटत आसंल तर सोनीला देऊ नका."

दीर ओसरीवरून ओरडला, "घराभाईर काढीन!"

"काढून बघा. घर तुमच्या भावाचंबी हाय. शेतरानबी."

माझा आवाज मलाच नवा वाटला. धार थांबवली न्हाई. राणीला सगळ्यांच्या देखत ओसरीवर बसवून दूध पाजलं.

दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं गेले. सातबाऱ्यावर नवऱ्याच्या जागी माझं आन राणीचं नाव लावा, म्हणून अर्ज दिला. दीर अजून आडवा येतोय. राणी अजून खोकते. सोनी पळाली की मी अजून जळते, खोटं कशाला बोलू?

परवा जावेनं गोठ्याला कुलूप घातलं. मी दगडानं तोडलं. दुसरं घातलं तर तेबी तोडीन.